बाबारावांचे कान

आमचे हे, म्हणजे बाबाराव, पाच मिनिटं स्वस्थ बसले तर मी मारुतीला नारळ फोडीन. त्यातून त्या दिवशी अंगणात शरच्चंद्र साहेबांची एकावन्न सालची मॉरिस गाडी उभी. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची रॅली होती आणि साहेबांची मुलगी चिन्मयी ती भेडाघाटपर्यंत चालवणार होती. ब्रेक जुळवायचं काम ह्यांच्याकडे. शहरातल्या ओमती भागातल्या गॅरेजात चाळीस वर्षं काढलेला माणूस. जुन्या गाडीच्या ब्रेकसाठी लोक दुसरं नाव घेत नसत.

काम दिसायला सोपं. चाक जॅकवर उचलायचं, ड्रमच्या भोकातून पेचकस घालून आतला स्क्रू आवळायचा, चाक अडलं की जरासा सैल करायचा. मग चाक हाताने फिरवून ऐकायचं. आत पुसटसं घासलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखं. नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते.

सकाळपासून ती डावीकडे ओढत होती. हे गल्लीत चक्कर मारून येत, चाक उचलत, कान लावत, पुन्हा चक्कर. तिसऱ्यांदा आले ते म्हणाले, "रस्ताच तिरपा आहे."

"कालपर्यंत तर सरळ होता!" मी म्हटलं. चहा दोनदा गार झाला. राग पेचकसावर, राग माझ्यावर.

मला कारण ठाऊक होतं. दोन वर्षं आमचा टीव्ही अख्खी गल्ली ऐकते. विषय काढला की हे म्हणत, "तूच काहून हळू बोलून राहिली?" ऐकू येत नाही हे बाहेर कळलं तर गाड्या येणं बंद होईल, याची त्यांना धास्ती. बिनकामाचा हा माणूस घरात कसा सांभाळायचा, याची मला. म्हणून मीही गप्प. पण उद्या ही गाडी चिन्मयी चालवणार होती.

शेवटी पदर खोचून बाहेर गेले. "साहेबांना फोन करून खरं सांगू का मी?"

ते थबकले. पेचकस पुसत राहिले. मग खालमानेनं म्हणाले, "जया, इकडे ये. कान लाव."

लग्नाच्या पस्तीस वर्षांत त्यांनी मला गाडीच्या कामाला हात लावू दिला नव्हता. मी चाकाशी पाटावर बसले. डावं घासत होतं; उजवं अगदी मुकाट फिरत होतं. ते उजवं आवळत गेले, मी ऐकत गेले. "अजून... अजून जरा... बस!"

पुढच्या चकरेत गाडी सरळ थांबली.

संध्याकाळी साहेबांनी स्वतः चालवून पाहिली. "वा, बाबाराव जी! आपके हाथ और कान का जवाब नहीं."

हे गप्प राहू शकले असते. माझी नजर जमिनीवर.

"हात माझेच आहेत, साहेब. कान हिचे. मला आता ऐकू येत नाही."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, खिडकीतून काहीतरी बोलले आणि गेले.

"काय म्हणाले?" ह्यांनी मला विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"पुढच्या महिन्यात मित्राची फियाट पाठवतो म्हणाले!" मी ओरडून सांगितलं. "दोघांकडे!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं.