डाव्या कोपऱ्यातले बूट

नॉटिंगहॅमच्या एका संग्रहालयात मी जुनी चित्रं स्वच्छ करते. त्या वर्षी माझ्याकडे एका फ्रेंच चित्रकाराचं भिंतीएवढं चित्र आलं होतं. हरलेला सेनापती शत्रूच्या हाती तलवार देतोय आणि मागे त्याचे सैनिक उभे आहेत. कापसाचा बोळा थुंकीने ओला करायचा (जुना मळ थुंकीनेच हलक्या हाताने निघतो), बोटभर जागा पुसायची, बोळा टाकून नवा घ्यायचा. चार महिने हेच. अंगठा इतका दुखायचा की घरी कुकरचं झाकणही नवरा लावून द्यायचा.

चित्रकाराबद्दल फाइलमध्ये दीडच पान होतं. बूट शिवणाऱ्याचा मुलगा, पॅरिसला शिकला, इतिहासातले प्रसंग रंगवून सरकारदरबारी नाव कमावलं. या चित्रानंतर बरीच वर्षं जगला, पण मोठं चित्र पुन्हा हाती घेतलं नाही. का, ते लिहिलेलं नव्हतं. मलाही प्रश्न पडला नव्हता. मला फक्त काम संपवायचं होतं.

मे महिन्यात बाबा नागपूरहून आले. जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस, म्हणून बॉसची परवानगी काढून त्यांना स्टुडिओत नेलं. सेनापतीपाशी ते फारसे थांबलेच नाहीत. डाव्या कोपऱ्याशी गुडघे धरत खाली बसले, ते बराच वेळ उठेनात. तिथे सैनिकांचे बूट होते. मी चित्रकाराची माहिती सांगत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बूट शिवणाऱ्याच्या पोराने असे बूट काढले? टाच नाही, शिवण नाही. इथे तो थकला गं."

त्या कोपऱ्यातला रंग उडालाय असं मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं आणि तो भरून काढायचंही ठरलं होतं. बाबांना घरी सोडून स्टुडिओत परत आले, भिंग लावून पुन्हा पाहिलं. रंग कुठेच उडाला नव्हता. त्याने ब्रश नुसता ओढत नेला होता. मला ते दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बॉसला खरं काय ते सांगितलं. ती साठीची, मोजकं बोलणारी बाई. कोपरा आहे तसा राहू दे म्हणाली, आणि मला विचारलं, शेवटची सुट्टी कधी घेतली होतीस? मला आठवेना.

चित्र जुलैत भिंतीवर चढलं. मग सुट्टी घेतली आणि पहिले चार दिवस नुसती झोपले.