ओटीतला करवंदी खण

"लुगडं म्हणजे भात हो," वहिनी म्हणायच्या. "रोजचा तोच, मुकाट. जेवणाला चव येते ती तोंडीलावण्यानं." आणि असं म्हणता म्हणता दोन बोटांनी आपल्या चोळीची बाही जराशी पुढे ओढायच्या, म्हणजे तोंडीलावणं कुठलं ते समोरच्या बाईला न विचारता कळावं.

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले तेव्हा वहिनी आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होत्या. यजमान कचेरीत कारकून, घरात सासूबाई, आणि पगार कारकुनाला असतो तेवढाच. पण आळीत कुणाकडे कार्य निघालं, की बायकांची नजर आधी दाराकडे लागायची. आज वहिनी काय घालून येतात?

खरं सांगायचं तर त्यांच्याजवळ लुगडी चारच होती. एक निळं, एक हिरवं, एक विटकरी आणि संक्रांतीची काळी चंद्रकळा. चारही बिनबुट्टीची, बारीक काठाची. मात्र चोळ्यांनी ट्रंक भरलेली. लुगड्यांचे रंग त्यांनी असे हिशेबानं निवडले होते, की कुठलीही चोळी कुठल्याही लुगड्यावर बसावी. काल निळ्यावर पिवळी, आज निळ्यावर डाळिंबी, परवा हिरव्यावर तीच डाळिंबी. बघणारीला वाटायचं, बाईनं आज नवीनच काढलं काहीतरी. "कारकुनाच्या घरात एवढे कपडे येतात तरी कुठून!" असं आळीत दबक्या आवाजात बोललं जाई. ते वहिनींच्या कानावर गेलं की त्यांना आठवडाभर जेवण गोड लागायचं.

पावसाळ्यात तर त्यांचं तत्त्वज्ञान आणखी फुलायचं. आपल्याकडे आषाढात ओलं लुगडं वाळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते तुम्हाला सांगायला नको. निखाऱ्यावर टोपली उपडी घालायची, तिच्यावर लुगडं पसरायचं आणि मग चार दिवस धुराचा वास अंगावर वागवत फिरायचं. "म्हणून म्हणत्ये, लुगडी वाढवू नका," वहिनी सांगायच्या. "चोळी बघा, भाताला कढ येईपर्यंत वाळत्ये."

माझ्या माहेरून आलेला शालू जरीनं नुसता गच्च भरलेला होता. त्यावर मी लाल बुट्ट्यांची चोळी घातली आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला गेले. वहिनींनी मला दारातच थांबवलं, वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगो, दोघंही एकदम बोलायला लागल्यावर ऐकायचं कोणाचं? एकाला गप्प बसव." मी घरी जाऊन साधी चोळी घातली. त्या लग्नात नवरीच्या आत्यानं मला दोनदा विचारलं, शालू कुठला म्हणून.

आता चोळ्या येत कुठून, हा प्रश्न राहिला. ओटीतून! आपल्या बायकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ओटीत खण येतो, तो आपण शिवत नाही. तिकोनी घडी तशीच ट्रंकेत ठेवतो आणि दारी सवाष्ण आली की तिच्या ओटीत घालतो. ती पुढे आणखी कुणाच्या. आळीतले निम्मे खण असेच वर्षानुवर्षं हिंडत असतात. तुम्हीही हिंडवले असतील, उगाच नाही म्हणू नका.

वहिनींचा अपराध एवढाच, की त्या आलेला खण शिवत. आज ओटीत पडला की उद्या त्याला कात्री लागलीच. "वहिनींच्या घरी गेलेला खण पुन्हा दिसायचा नाही," असं बायका म्हणत, आणि म्हणून त्यांच्या ओटीला मुद्दाम जाडाभरडा, रंग विटलेला खण काढून ठेवत. वहिनी एकाचा काठ दुसऱ्याच्या बाहीला लावायच्या, तिसऱ्याचा तुकडा पाठीला, आणि पुढच्या हळदीकुंकवाला देणारणीलाच आपला खण ओळखू यायचा नाही.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. सवाष्ण म्हणून जेवायला बोलावणं आलं, तर वहिनी कधीही नाही म्हणत नसत. एकदा अंगात ताप होता, तोंडाला चव नव्हती, तरी कुणाकडे देवीचं बोडण होतं म्हणून निघाल्या. मला वाटलं, बाईंना पुरणाची भारीच आवड. पण पानावर त्यांनी घासही धड खाल्ला नाही. ओटी भरायचं ताट बाहेर आलं, तसं त्यांचं लक्ष सगळं त्या ताटात. ताटात वरच एक खण होता. पिकत्या करवंदाच्या रंगाचा. स्थिर ठेवला तर काळा, जरा हलवला की लाल, आणि काठ पिवळाधमक. ओटी भरणारीण ताटातले खण वरून एकेक उचलणार, हे उघड होतं. वहिनींनी पायाला पेटके आल्याचं निमित्त केलं आणि कण्हत कण्हत पंक्तीच्या पहिल्या टोकाला जाऊन बसल्या. आणि काय सांगू, यजमानीणबाईंनी नेमकी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली! करवंदी खण वकिलीणबाईंच्या ओटीत पडला. वहिनींना मिळाला तो गोणपाटासारखा.

घरी येताना मी हसू दाबत होते, तर वहिनींचे डोळे भरलेले. म्हणाल्या, "तो माझा आहे गो."

मग सगळं सांगितलं. माहेर केळशीचं. घाटावरून येणाऱ्या खणवाल्याकडून त्यांच्या आईनं तो घेतला होता आणि मुलगी सासरी निघाली तेव्हा तिच्या हातात ठेवला होता. तसा दुसरा खण साऱ्या रत्नागिरीत नव्हता. सासरी येऊन चार दिवस झाले असतील नसतील, घरी कोणी पाहुणीण आली आणि सासूबाईंनी तोच खण उचलून तिच्या ओटीत घातला. नव्या सुनेला विचारायची रीत नव्हती, आणि त्यात काही वावगं केलं असं सासूबाईंना वाटायचंही कारण नव्हतं. पुढल्याच वर्षी आई गेली. खण मात्र गावात फिरत राहिला. इतका देखणा, की शिवायचा कोणाला धीर होईना. ज्या बाईला मोठेपणा मिरवायचा असेल, ती तो ओटीत घालायची. दुसऱ्यांच्या ओटीत पडताना वहिनींनी तो कितीदा पाहिला होता.

"मागून घ्या ना," मी म्हटलं.

"ओटीतला खण मागतात होय? भिकारीण का मी? यायचा तर रीतीनंच आला पाहिजे."

वकिलीणबाईंकडे जाऊन तो अडकला. वकीलसाहेबांनी तेव्हा खादीचं व्रत घेतलं होतं, आणि नवऱ्याचं व्रत म्हणजे बायकोलाही आलंच. बिचाऱ्या जाजमासारखी पातळं नेसून घामानं डबडबलेल्या असायच्या. खण शिवता येईना आणि द्यायला हात होईना. सणासुदीला ट्रंक उघडून नुसत्या बघायच्या. तिकडे कुणाची ओटी भरायची वेळ आली, की वहिनी हजर. दर वेळी दुसरा कुठलातरी खण घेऊन परत. अशी बरीच वर्षं गेली.

आणि एके दिवशी दुपारी वकिलीणबाई स्वतःच वहिनींकडे आल्या. मी तिथे तांदूळ निवडत बसले होते. वकीलसाहेबांची मोठी सभा होती, मुंबईची माणसं येणार होती, आणि बाईंना पुढे बसायचं होतं.

"हे पांढरं पातळ नेसायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगता ना, लुगडं गप्प तर चोळी बोलकी हवी? ह्यांना विचारलं. हातमागाचा आहे म्हटल्यावर कबूल झाले. हा शोभेल का? शोभत असेल तर तुम्हीच शिवून द्या. तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

आणि त्यांनी पाटावर तो करवंदी खण ठेवला.

माझा हात सुपातच राहिला. वहिनींनी नुसतं "जुनाट दिसतो" म्हटलं असतं, तरी वकिलीणबाईंनी तो परत नेला असता. कपड्याच्या बाबतीत वहिनींचा शब्द आळीत शेवटचा होता. वहिनींनी पांढरं पातळ पसरलं, त्यावर खण ठेवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं. आणि म्हणाल्या, "ह्यावर ह्याच्याइतकं दुसरं काही शोभायचं नाही. द्या, शिवून देत्ये." मला तर त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, खोटं बोलायला एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा मिळते का कधी!

मापाला म्हणून वहिनींनी खणाची घडी उघडली. टर्र असा बारीक आवाज झाला. घडीवर रेशीम चिरत गेलं. दुसरी घडी उघडली, तिथेही तेच. बघता बघता पाटावर तिकोनी तुकडे पडले.

वकिलीणबाई पांढऱ्याफटक झाल्या. "अगो बाई! मी हात नव्हता हो लावला कधी! नुसती बघायची."

"तुम्हीच काय, कोणीच लावला नाही," वहिनी म्हणाल्या. "इतके पावसाळे एकाच घडीत काढले त्यानं. कुणी एकदा उलगडला असता तर टिकला असता."

"जाऊ दे मेला. आता ओटीतही घालता यायचा नाही. द्या टाकून."

वहिनींनी पाटावरचे तुकडे एकत्र केले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी घेऊ?"

"चिंध्या? घ्या की!"

एवढंच. इतकी वर्षं जी गोष्ट मागायची सोय नव्हती, ती चिंधी होताच मागता आली. आदल्याच दिवशी वहिनींना कधी नव्हे तो एक पिस्ता रंगाचा छान खण मिळाला होता, अजून कात्री न लागलेला. तो त्यांनी काढला आणि त्याची वकिलीणबाईंना चोळी शिवून दिली. सभेत बाई शोभल्याही. वकीलसाहेबांचं भाषण कोणाला आठवत नाही, चोळी आठवते.

वकिलीणबाई गेल्यावर वहिनी आता रडतील म्हणून मी पाण्याचा तांब्या भरून आणला. तर त्या मांडीवर तुकडे जुळवत बसलेल्या. "चोळी तरी काय असते गो? तुकड्यांचीच," म्हणाल्या. "मेला चिरायचाच होता, तर बरोबर चिरला. पाठ इथून, बाह्या ह्या." जिथे शिवण यायचीच, तिथे त्यांनी सगळे जोड नेऊन बसवले. मी शेजारी बसून पाहिलं म्हणून मला ठाऊक, एरवी कुणाला ओळखू येणार नाही. मला एवढा आनंद झाला होता, की मी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

ती चोळी मात्र त्या घालीनात. विचारलं की म्हणत, निमित्त यायचंय अजून. दिवाळी झाली आणि यजमानांची दापोलीला बदली झाली. दापोलीहून केळशी जवळ. निमित्त आलं.

निरोपाला आम्ही मांडवीच्या बंदरावर गेलो. आगबोट लांब उभी होती आणि तिथवर नेणाऱ्या पडावात चढायला माणसं खोळंबली होती. वहिनी निळ्या लुगड्यात, आणि अंगात करवंदी चोळी. सासूबाईंना आताशा दिसायचं कमी. त्यांनी सुनेची बाही चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली.

"चोळी नवी का गो?"

"हो."

"खण कुणाकडचा?"

"आईनं दिलेला. केळशीचा."

"मला नाही दाखवलास तो कधी."

"दाखवला होता. तुम्हालाच पहिल्यांदा."

सासूबाईंना काही आठवलं नाही. त्यांनी कापड आणखी एकदा बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "रेशीम चांगलं आहे हो. बघ, असला खण उठून कुणाच्या ओटीत घालू नये. आपल्यालाच ठेवावा."

"नाही घालत," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं मात्र, आणि पदर तोंडात कोंबला. खलाशानं आधी सासूबाईंना उतरवून घेतलं, मग वहिनींना. पडाव पार आगबोटीपाशी पोचेपर्यंत मी धक्क्यावर हसत उभी होते आणि डोळे पुसत होते. त्यानंतर आमची भेट झाली नाही.