मावशींच्या हातून सांडलेलं पाणी

मावशी गेल्या त्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब सरांच्या घरी आले. शाळेच्या वार्षिक अंकात मावशींवर दोन पानं हवी होती. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं, सर? एकोणीस वर्षं एका छपराखाली काढलीत," ते म्हणाले. सरांनी मान डोलावली. पाळकसाहेब गेल्यावर ते कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं.

कारण सर मावशींना ओळखतच नव्हते. शाळा ल्युथरन ख्रिस्ती मंडळीची, फार मोठी नव्हे, पाचेकशे मुलांची. सर तिथे उपमुख्याध्यापक. मावशी तळमजल्यावरची, आजारी मुलांसाठीची 'आजारी खोली' सांभाळायच्या. दोन खाटा, एक कपाट, हात धुवायचं मोठं भांडं आणि खिडकीशी एक स्टूल, एवढाच पसारा. मावशी रुजू झाल्याची तारीख सरांना पाठ होती. त्यांच्या सेवापुस्तकात 'ओळखीची खूण' या रकान्यात 'उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग' असं सरांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. पण तो डाग कशाने पडला, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही. मावशींना भावंडं किती, त्या घरी जाऊन कुणाशी बोलायच्या, कशाला हसायच्या, यातलं काहीही त्यांना सांगता आलं नसतं.

"अहो, नुसतं बसून काय होणार?" बायकोने आतून विचारलं. "लिहा की, फार चांगल्या होत्या म्हणून."

"असं सगळ्यांबद्दलच लिहितात."

"मग वाईट होत्या म्हणून लिहा. लोक जपून तरी ठेवतील अंक."

सर हसले नाहीत. बायकोला वाटलं, मावशी गेल्याचं दुःख आहे. दुःख होतंच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते सरांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मावशी धांदरट म्हणून प्रसिद्ध होत्या. मुलं तर तोंडावर 'धांदरट मावशी' म्हणायची आणि मावशी ओ द्यायच्या. त्यांच्या हातून सारखं पाणी सांडायचं. एखाद्या छोट्या मुलाचा हात धरून त्या वर्गाच्या दारात यायच्या. मुलाच्या अंगावर शाळेच्या कपाटातली कोरडी चड्डी, डोक्यापासून मोज्यांपर्यंत बाकी सगळं निथळतंय. "बाई, माझ्याच हातून तांब्या सांडला हो याच्या अंगावर. काय करू, मेल्या हातात जीवच नाही!" वर्गभर हशा पिकायचा. कधी त्या वर्गात फरशी पुसायला यायच्या आणि अख्खी बादली एखाद्या बाकाखाली आडवी करायच्या. त्या ओल्या फरशीवरून एकदा सर स्वतःच घसरले आणि आठ दिवस कंबर धरून हिंडले. त्यानंतर त्यांनी मावशींना मेमो दिला. एकूण तीन मेमो दिले. तिन्ही मेमोंवर मावशींनी मुकाट सही केली होती. तिसऱ्याच्या वेळी तेवढं म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी भिंतीकडून चाला. तिकडे मी सांडत नाही."

सरांना तो आगाऊपणा वाटला होता.

मावशींच्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी शाळेत 'ममता सप्ताह' भरवायचं ठरलं. मुलांनी एकमेकांशी प्रेमाने वागावं, दुसऱ्याचं दुःख ओळखावं, म्हणून ही योजना. तिची सगळी जबाबदारी सरांवर होती. त्यांनी एक लाकडी पेटी करवून घेतली. ज्याला कुणाची चांगली गोष्ट दिसेल, त्याने ती चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची, आणि सर रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर सभागृहात त्यातली एक वाचून दाखवणार. पहिले तीन दिवस पेन्सिली उसन्या दिल्याच्या आणि दप्तर उचलून दिल्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. चौथ्या दिवशी एक निघाली, चौथीतल्या मुलीच्या गोल गोल अक्षरातली.

'माझ्या मैत्रिणीची काल वर्गात चड्डी ओली झाली. मावशींनी मुद्दाम तिच्यावर पाणी ओतलं म्हणजे कुणाला कळू नये. मग मावशी स्वतःच बोलणी खातात. मावशी सगळ्यांसाठी असंच करतात. मावशी सगळ्यात चांगल्या आहेत.'

सरांनी ती चिठ्ठी ऑफिसात उभ्याउभ्या तीनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले. चौदा वर्षं! त्यांनी कपाटातून तिन्ही मेमो काढले आणि फाडून टाकले. या बाईची आपण केवढी मानहानी केली, आता ती भरून काढायची, तीही सगळ्यांच्या देखत, असं त्यांनी ठरवलं. चिठ्ठीत मुलीचं नाव नव्हतं, म्हणून पुढचा विचार त्यांनी केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मंचावर, भिंतीवरच्या मोठ्या क्रुसाखाली उभं राहून, त्यांनी ती चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली. "अशी माणसं आपल्या शाळेत आहेत," असं म्हणून त्यांनी दाराजवळ उभ्या असलेल्या मावशींकडे हात केला.

टाळ्या पडल्या नाहीत. मावशींनी पदर तोंडाशी नेला होता. सरांना वाटलं, भारावल्या. मग चौथीच्या रांगेतून एक खुसखुस उठली. एक मान वळली, तिच्या मागे दहा वळल्या आणि पाहता पाहता सगळी रांग एकाच मुलीकडे बघू लागली. परवा मावशींनी जिच्यावर तांब्या सांडला होता, ती. दोन वेण्या घातलेली, बारीकशी. तिने गुडघ्यावर स्कर्ट ओढून घेतला आणि ओढतच राहिली. मागच्या बाजूला दहावीतला एक दांडगा मुलगा कानापर्यंत लाल होऊन फरशीकडे बघत होता. त्याच्यावरही कधीतरी, पहिली-दुसरीत, तांब्या सांडला असणार. सभागृहात असे आणखी किती होते, ते सरांना तिथूनच दिसत होतं. जो मान खाली घाली, तो त्यांतला.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या मैत्रिणीने चिठ्ठी लिहिली होती, ती दोन दिवस आजारी खोलीत रडत बसली होती, असं सरांच्या कानावर आलं. मावशी रोज शाळा सुटल्यावर त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या घरी जात होत्या, हे मात्र सरांना मावशींनीच सांगितलं, शनिवारी, ऑफिसच्या दारात उभं राहून.

"सर, ती सोमवारी यायला तयार आहे. वडील नाहीच म्हणतात, पण मी त्यांना आठ दिवस थांबवलंय. तिची एकच अट आहे."

"बोला ना."

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, की चिठ्ठी चुकीची होती. लिहिणारीचा गैरसमज झाला. पाणी मावशींच्या हातून खरंच सांडलं होतं. चौकशी केली, म्हणायचं."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, प्रार्थनेच्या जागी, क्रुसाखाली उभं राहून मी धडधडीत खोटं बोलू?"

"मी चौदा वर्षं बोलतेय, सर. याच शाळेत."

"तुमचं वेगळं."

ते दोन शब्द आठवले की आजही सरांना कुठे तोंड लपवावं कळत नाही. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादं मूल पोट दुखतं म्हणून येतं, आणि पोट दुखत नसतं हे दिसत असतं, तसं पाहिलं. "सोमवारी मी तिला घेऊन येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा कसं जमतं ते."

"बघतो," सर म्हणाले.

सोमवारी मावशी सभागृहाच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्या मुलीचा हात होता. मुलगी आत आली नव्हती, उंबऱ्यावरच थांबली होती, एक पाय बाहेर ठेवून. प्रार्थना संपली. सर मंचावर चढले. वाक्य तयार होतं, रविवारभर त्यांनी ते मनात घोळवलं होतं. समोर पाचशे तोंडं होती. वीस वर्षांत आपलं चुकलं, असं सर त्या मंचावरून एकदाही बोलले नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"उद्या नखांची तपासणी आहे," ते म्हणाले. "पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालू आहे, तेव्हा पाणी घरून आणावं."

पाण्याचं नाव निघाल्याबरोबर चौथीच्या रांगेत पुन्हा खुसखुस झाली. सरांनी दाराकडे पाहिलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

खोटं बोलायचं नव्हतं म्हणून आपण गप्प राहिलो, असं सर बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. सत्याचं त्यांना इतकं अगत्य असतं, तर 'ती चिठ्ठी मी वाचायला नको होती' एवढं तरी ते म्हणाले असते. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांना लाज वाटली होती, आणि आपली लाज वाचवायला त्यांनी एका नऊ वर्षांच्या मुलीची जाऊ दिली. आठवड्याभराने तिच्या दाखल्यावर त्यांनीच सही केली. शाळा सोडण्याचं कारण : पालकांची विनंती.

त्यानंतर मावशींच्या हातून शाळेत कधी पाणी सांडलं नाही. सांडून उपयोगच नव्हता. सांडलं की सगळ्यांना कळलं असतं. ओली झालेली मुलं काही दिवस सुटीची घंटा होईपर्यंत बाकाला चिकटून बसायची, हे सरांनी व्हरांड्यातून जाता-येता पाहिलं. पुढे ते दिसेनासं झालं. मावशींनी दुसरी काही युक्ती काढली असणार. ती कोणती, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांना कळू नये याची मावशींनी नीट काळजी घेतली असणार. त्यांच्याशी मात्र त्या पूर्वीसारख्याच वागत राहिल्या. थंडीत खोकला झाला तर टेबलावर गरम पाण्याचा पेला आणून ठेवायच्या. सर "ठेवा" म्हणायचे.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मावशींना 'माझं चुकलं' म्हणून सांगू, असं सरांनी ठरवलं होतं, पण त्या दिवशी भोवती माणसं होती. मग पत्र लिहू, असं ठरवलं. दोनदा लिहिलंही. अक्षर बरं आलं नाही म्हणून टपालात टाकलं नाही.

मागच्या वर्षी सर डोळे दाखवायला दवाखान्यात गेले, तर बाकावर मावशी बसलेल्या. बारीक झाल्या होत्या, चष्म्याची एक काच कागदाने झाकलेली. सर शेजारी, बाकाच्या कोपऱ्यात जाऊन बसले. आज सांगायचंच, असं म्हणून त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर नीट ठेवली. "मावशी," ते म्हणाले, आणि पुढचं येईना.

"तुमचा नंबर कितवा, सर?"

"सतरा."

"माझा बारा. आता माझाच पुकारतील. तुम्ही माझ्या नंबरावर जा ना, मला कुठे घाई आहे."

"नको, नको. आपापल्या नंबरानेच जावं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "मग असे कोपऱ्यात नका बसू. पंख्याखाली सरका, इथे जागा आहे."