कबड्डीचा खटला आणि बिनतेलाची भाजी

बँकेतून निवृत्त झाल्यावर सकाळी घरात बसून करायचं काय, म्हणून मी डोंबिवलीतल्या आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊन बसू लागले. केंद्र बी विंगमधल्या एका बाईंचं आहे. त्यांना सगळ्या ताई म्हणतात, वयाने मोठी असून मीही म्हणते. ताई भाज्या करतात, शहाडहून येणाऱ्या एक मावशी पोळ्या लाटतात, आणखी दोघी चिरतात, भाजतात, आणि मी काउंटरवर बसून पार्सल बांधते. त्याबद्दल मला रोज बिनतेलाची भाजी मिळते. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा धाक घातल्यापासून मी फोडणी सोडली आहे.

खटला आमच्या केंद्रात मोबाइलवरून आला. मोठ्या व्यावसायिक संघातून खेळणारे दोन कबड्डीपटू, त्यातला एक ठाण्याच्या कोलशेतकडचा, म्हणजे अगदी आपल्यातला. सराव शिबिरात खेळाडूंची काळजी घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने तक्रार केली होती. आरोप बलात्काराचा. पण तो शब्द केंद्रात कोणी उच्चारत नसे. ‘ते प्रकरण’ म्हणत. ठाण्याच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली तसं रोज सकाळी पोळ्यांबरोबर ते प्रकरणही लाटलं जाऊ लागलं.

दोन तट पडायला वेळ लागला नाही. शहाडच्या मावशींचा भाचा कधीकाळी त्या खेळाडूबरोबर एका स्पर्धेत खेळला होता, त्यामुळे मावशी ठामपणे त्याच्या बाजूच्या.

“पोरगं मातीतून वर आलंय ताई. एवढं नाव झालेलं, कशाला असलं करेल? त्याला काय पोरी मिळत नव्हत्या?”

“मिळत होत्या म्हणूनच केलं असेल,” ताई म्हणायच्या. “नाही ऐकायची सवय राहत नाही मग.”

ताईंचं हे बोलणं मला पटायचं. मी बोलले मात्र नाही. तीस-बत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांचं ऐकून घेतलं की आपलं मत पोटात ठेवायची सवय लागते. कोर्टाच्या आत काय चाललंय, ते तर कोणालाच ठाऊक नव्हतं. असले खटले बंद दाराआड चालतात. आतलं काही कळत नव्हतं म्हणूनच बाहेर एवढं बोलणं चाललं होतं. कोलशेतच्या नाक्यावर त्या खेळाडूच्या सत्काराचा जुना फ्लेक्स तसाच होता आणि तो काढावा की राहू द्यावा, यावर तिथल्या मंडळात हाणामारी व्हायची वेळ आली, असं पेपरात आलं होतं.

पेपरने मुलीचं नाव छापलं नाही. कायद्याने छापता येत नाही. पण नाव सोडून बाकी सगळं थोडंथोडं करून छापलं. डोंबिवलीत राहते. पंचविशीतली आहे. ठाण्याच्या एका क्रीडा केंद्रात नोकरी करायची, ती सोडली. सध्या घराबाहेर पडत नाही. एवढ्यावर डोंबिवलीकर गप्प बसतील, ही अपेक्षाच चुकीची. शब्दकोडं अर्धं भरून दिलं की उरलेलं कोण सोडतं?

आमच्या ए विंगमध्ये, माझ्या समोरच्या दारात, एक मुलगी राहते. लहानपणापासून मी तिला बघत आले आहे. शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि ठाण्याला नोकरीला लागली. माजिवड्याच्या एका कुटुंबातला मुलगा ठरला, साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं. आणि नेमकी त्याच दिवसांत ती नोकरीवर जायची बंद झाली. दार बंद. एकदा सकाळी आईबरोबर खाली उतरली ती काळा गॉगल लावून, मान खाली घालून. शिवाय तिची आई शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा, त्यामुळे केंद्रातून रोज एक डबा वर जायचा. तेल नको, फोडणी नको, उकडलेली भाजी आणि मऊ भात. माझी आणि तिची भाजी एकाच पातेल्यात व्हायची.

“डाएट करतेय,” तिची आई म्हणाली होती. “लग्न आहे ना.”

कुठल्या दिवशी कोणी पहिल्यांदा बोट दाखवलं, ते मला सांगता येणार नाही. एके सकाळी मी आले तर ते ठरलेलं होतं.

“तीच गं,” भाजणारी म्हणाली. “गॉगल बघितलास ना? डोळे रडून रडून सुजलेले असणार.”

“जेवणपण जात नाही बिचारीला,” चिरणारी म्हणाली. “उकडलेली दुधी खाते.”

मी म्हटलं, उकडलेली दुधी मीही खाते. ते कोणी ऐकलं नाही.

गंमत म्हणजे, बाकी कशावर एकमत न होणाऱ्या दोन्ही तटांचं या एका गोष्टीवर झालं. मावशींच्या बाजूच्या बायका जिन्यात तिची आई दिसली की बोलणं थांबवायच्या. ताईंच्या बाजूच्या बायकांनी तर माया सुरू केली. कोणी खीर पाठवली, कोणी देवीचा अंगारा. एक जण लिफ्टमध्ये तिच्या आईचा हात हातात घेऊन, “आम्ही सगळ्या तुमच्या पाठीशी आहोत,” असं म्हणाली. तिच्या आईला वाटलं, लग्नाच्या तयारीबद्दल बोलतायत. तिने आभार मानले. झालं, कबुलीच मिळाली.

खरं काय होतं, ते गणपतीच्या आदल्या दिवशी कळलं. त्या दिवशी केंद्रात पोळ्या बंद असतात आणि आम्ही सगळ्या मोदकांना बसतो. मला कळ्या पाडता येत नाहीत. माझ्या मोदकांचं नाक नेहमी एका बाजूला पडतं, म्हणून मला सारण भरायला बसवतात. उकडीच्या वाफेने चष्मा धुरकट झालेला, तो मी पुसेपर्यंत दारात समोरच्या मुलीची आई उभी. पदर हातात गोळा केलेला. तिला बघून आमच्यातल्या निम्म्या जणींनी परातीत डोकं घातलं.

“माझ्या लेकीला कावीळ झाली होती,” ती म्हणाली. “कावीळ! ऐकलंत का सगळ्यांनी? डोळे पिवळे झालेले म्हणून गॉगल. तेल बंद होतं म्हणून उकडलेलं. लग्न ठरलेल्या मुलीचं दुखणं कोणी चव्हाट्यावर मांडतं का? म्हणून नाही बोलले. तर तुम्ही माझ्या पोरीचं हे काय करून ठेवलंत?”

करून ठेवलं होतं ते असं. ताईंची मावसबहीण माजिवड्याच्या त्याच टॉवरमध्ये राहते. मुलाच्या आईला लिफ्टजवळ गाठून तिने तिचं अभिनंदन केलं होतं. ‘तुमचं मन खूप मोठं आहे, अशा मुलीला घरात घेताय.’ शत्रूला सुचलं नसतं, ते प्रेमाने करून झालं. आता मुलाची आई गणपतीच्या दर्शनाला म्हणून येणार होती, आणि दर्शनाचं नुसतं निमित्त होतं. मुलीने एकदा तोंडाने नाही म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं. ते ऐकलं की लग्न ठरल्याप्रमाणे, नाही तर नाही.

“तुम्ही येऊन बसा,” मुलीची आई मला म्हणाली. “तुम्ही शेजारी आहात, जुन्या आहात. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

मी गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि उजेडात जाताना मला काळा चष्मा लावावा लागे. तो मी त्यांच्या दारात काढून पर्समध्ये टाकला. एका खोलीत दोन गॉगलवाल्या नकोत, असं वाटलं.

गणपती छोटासा, जास्वंदीच्या हारात बुडालेला. मुलीचे वडील तबकात वाती ठेवत होते आणि ठेवून झाल्या तरी ठेवत राहिले. मुलगी आली ती गॉगलशिवाय. डोळे आता स्वच्छ पांढरे होते. थोडी वाळली होती. मुलाच्या आईच्या पाया पडली, माझ्याही पडली.

मुलाची आई बोलायला गोड. आधी प्रसाद घेतला, सजावटीचं कौतुक केलं. मग म्हणाली, “हे बघ बाळा, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. पण चार लोक विचारतात. तू फक्त एकदा सांग, ती मी नाही म्हणून. विषय संपला. परत मी कधी काढणार नाही.”

“अहो, कावीळ झाली होती तिला,” मुलीची आई घाईघाईने म्हणाली. “म्हणून घरी होती.”

“कावीळ?” मुलाची आई पुढे सरकली. “कुठली कावीळ? पसरणारी तर नाही ना?”

मला हसू आलं आणि मी ते मोदकाबरोबर गिळलं. मुलगी हसली नाही.

“कावीळ झाली होती, हे खरं,” ती म्हणाली. “ते तुम्हाला तेव्हाच कळवूया असं मी आईला म्हणत होते. पण ते दुसरं तुम्ही विचारताय ना काकू, त्याचं उत्तर मी देणार नाही.”

“अगं, असं काय करतेस?” तिची आई म्हणाली. “एक शब्द तर बोलायचाय.”

“मी नाही म्हटलं की आई, लोक दुसरी शोधणार. उद्या सकाळीच शोधतील. तिची आई काय सांगेल मग? प्रत्येकीला काय कावीळ झालेली नसते.” तिचा आवाज चढला नव्हता, फक्त ती भरभर बोलत होती. “आणि ती जी कोण आहे ना, तिने काही केलेलं नाही. मी गणपतीसमोर उभी राहून सांगू, की देवा, मी तिच्यासारखी नाही? मला नाही जमणार.”

वातींचं काम अखेर थांबलं. मुलाची आई माझ्याकडे बघू लागली. माझ्या शब्दाला वजन होतं ना. ही निर्दोष आहे म्हणावं, तर मग दोष त्या दुसरीचा धरायचा का? “मोदक घ्या अजून,” मी म्हटलं.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मला त्या मुलीचा राग आला होता. एवढं चांगलं स्थळ, एवढासा शब्द, आणि हिचा हट्ट. घरी येऊन मी चहा केला तोही रागातच. एवढं तत्त्वाचं बोलायला वकील का नाही झाली, असं म्हणत साखर दोनदा घातली. तिच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

मुलाच्या आईने मोदकांचा डबा नेला आणि नंतर रिकामा पाठवून दिला. मुलाने स्वतः फोन केला तेव्हा थोडी आशा वाटली होती. पण त्याचाही तोच प्रश्न. निदान मला तरी सांग. दुसऱ्या दिवशी मुलीने साखरपुड्याची साडी आणि अंगठी परत पाठवली. तिची आई तिच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. एका दारामागे दोघी आणि कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नाही. मुलगी मग कल्याणला एका दवाखान्यात कामाला लागली. मला जिन्यात भेटली की गुडघ्याचे व्यायाम करता की नाही, असं दटावून विचारते. मी करत नाही.

गणपती गेले आणि केंद्र पुन्हा पोळ्यांवर आलं. लग्न मोडल्याची बातमी पोचली होती. पहिले दोन दिवस सगळ्या खाली मान घालून काम करत होत्या. ताईंनी मावसबहिणीशी बोलणं टाकलं, निदान आम्हाला तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, “चांगल्या घरातली पोर, वाट लागली.” सगळ्यांना वाईट वाटत होतं, आणि खरोखर वाटत होतं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, की पुढच्या तारखेला तक्रारदार मुलीची उलटतपासणी होणार आहे. भाजणारीने ते वाचून दाखवलं. मग चिरणारीने भेंडी बाजूला सारली.

“पण मग ही नव्हती,” ती म्हणाली, “तर कोण गं?”

“खडकपाड्याला एक आहे म्हणे,” भाजणारी म्हणाली. “फिजिओच आहे. तीपण नोकरी सोडून घरी बसलीये.”

“खडकपाडा तर कल्याणला. ते काय डोंबिवलीत येतं?” ताई म्हणाल्या.

“पेपरवाले देतात काहीही लिहून,” भाजणारी म्हणाली.

ताईंनी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. मावशींचं लाटणं थांबलं. मला त्या मुलीचं बोलणं आठवलं. ती म्हणाली होती उद्या सकाळी. आम्ही जरा उशीर केला, एवढंच. राग मला पुन्हा आला, पण या वेळी तिचा नव्हे. हातातला डबा मी काउंटरवर आपटला, भाजी फॉइलबाहेर सांडली.

“मी,” मी म्हटलं. “माझं नाव घ्या. मी नोकरी सोडली आहे, घरीच असते, काळा चष्मा लावते आणि बिनतेलाची भाजी खाते. अजून काय पाहिजे?”

कोणी हसलं नाही. मावशींनी पुढची पोळी लाटायला घेतली.