तीन घरचा फराळ

पोरीच्या शाळेतल्या बाईंना, सरांना दिवाळीला काय द्यायचं, ह्यात मी कधी डोकं घातलं नव्हतं. ते खातं बायकोचं. निपाणीला होतो तेव्हा दर दिवाळीला ती शाळेत चार डबे पाठवायची. स्टीलचे, लग्नात आलेले, झाकणावर तिचं नाव घातलेले. मी आपला दरवर्षी कुरकुरायचो, "एवढं तळून लोकांच्या घरात भरायचं, आणि मी मागितलं की दोन करंज्या." ती म्हणायची, "तुमी न्हाय खाल्ल्या म्हणून काय बिघडत न्हाय. पोरगी दिवसभर त्यांच्या हातात असती." आणि कढईकडं तोंड फिरवायची. माझी जीभ म्हणजे उचलली आणि टाळ्याला लावली, हे तिला ठाऊक होतं. ती मनावर घ्यायची नाही.

मे महिन्यात ती गेली. आठ दिवस ताप आला आणि गेली. त्याबद्दल ह्याहून जास्त मला आजही लिहवत नाही.

निपाणीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, त्या मी नव्यानं गुंडाळून द्यायचो. तिच्यामागं त्या घरात मला बसवेना, दुकानात हात चालेना. बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात तेच काम धरलं, टिळकवाडीत एका वकिलांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या घेतल्या. माझी थोरली आक्का नवऱ्यामागं आमच्याकडंच राहायला होती, ती बरोबर आली. पोरीला तिसरीत घातलं. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना होता. तो मी भरला. आई हाय का, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं असतं तर त्या क्लार्कसमोर रडलो असतो, म्हणून गप्प बसलो. खरं तर सगळी चूक तिथूनच सुरू झाली.

आक्काच्या हाताला कंप आहे, त्यामुळं पोरीच्या वेण्या माझ्याकडं आल्या. पहिला आठवडा वेण्या दोन दिशांना तोंड करून बसायच्या. मग जमलं. आयुष्यभर तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बसवली, एका पोरीचे केस ते काय. रिबिनीसकट दोन वेण्या मी पाच मिनिटांत घालू लागलो, आणि मनातल्या मनात मला त्याचा लई अभिमान वाटायचा.

कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला. दिवाळीची तीन-चार दिवसांची. त्यामुळं दिवाळी झाली, शाळा उघडली की पोरं बाईंसाठी काहीबाही घेऊन जातात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पोरगी म्हणाली, "पप्पा, मिसना, सरांना द्यायला आणायला पायजे." मला बरं वाटलं. मे महिन्यापासून तिनं काही मागितलंच नव्हतं. मी तिला घेऊन खडेबाजारात गेलो.

दोन सर आणि एक इंग्लिशच्या मिस, त्यांच्यासाठी पेनं घेतली. राहिल्या क्लासटीचर. त्या कन्नड शिकवायच्या, आणि पोरीच्या तोंडी दिवसभर त्यांचंच नाव. दुकानदारानं फोटोची फ्रेम दाखवली. नको. कप दाखवला, त्यावर टीचरबद्दल काहीतरी छापलेलं. नको. कापडी फुलं, नको. मी म्हटलं कुंद्याचा डबा नेऊ, बेळगावचा कुंदा कुणाला आवडत न्हाय? तेही नको. "मिसना करंज्या द्यायच्यात," एवढंच धरून बसली. गर्दी, उकाडा, मागून लोक ढकलायला लागलेले. माझा पारा चढला. भर दुकानात मी ओरडलो, "करंज्या कोण करणार? तुझी आई हाय का आता करायला?"

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. माझा हात घट्ट धरला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "हळू बोला की पप्पा. आमच्या वर्गातलं कुणीतरी ऐकंल."

घरी परतताना वाटेत तिनं सगळं सांगितलं. जूनमध्ये, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मिसनी तिच्या वेण्या बघितल्या आणि विचारलं, "जडे यारु हाक्यार?" वेणी कुणी घातली? पोरीला तेव्हा कन्नड अजिबात येत नव्हतं, बाकीची पोरं हसतात म्हणून ती तोंड उघडत नव्हती. मिसनी वेणीला हात लावून दाखवला, प्रश्न कळला. ती मराठीत म्हणाली, "मम्मीनं." मिस म्हणाल्या, असं नाही, कन्नडमध्ये सांग, "नम्म अव्वा हाक्याळ." आमच्या आईनं घातली. तिनं म्हणून दाखवलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग ते रोजचंच झालं. हजेरी झाली की मिस विचारणार, वेणी कुणी घातली, आणि ही उभी राहून न अडखळता सांगणार, आमच्या आईनं घातली. तिला येत असलेलं पहिलं कन्नड वाक्य ते. मिसनी एकदा विचारलं, तुझी अव्वा दिवाळीला काय काय करते? ही म्हणाली, करंज्या. तुम्हाला देईल.

"कुणाला सांगू नका," ती मला म्हणाली. "आक्काआत्यालापण नको."

मी काय सांगणार होतो? पाच महिने रोज सकाळी मी वेणी घालत होतो आणि तिकडं वर्गात तिची आई घालत होती. राग यावा असं त्यात काही नव्हतं, पण आला. पोरीवर नाही, जी निघून गेली तिच्यावर. चालता चालता मी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणालो.

घरी आलो आणि पहिलं काय केलं तर आक्काला सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, एक दिवस कढई ठेव, वीसभर करंज्या तळ, जास्त न्हाय. आक्का म्हणाली, "आरं, वरीस सरल्याशिवाय ह्या घरात तळण न्हाय. लोकं आणून देत्यात, ते खायाचं. तुला रीत म्हाईत न्हाय व्हय?" मी म्हटलं रीत गेली खड्ड्यात. ती म्हणाली, "तुझी बायकू गेल्या, माझीबी भावजय गेल्या. तिच्या नावानं एवढं तरी पाळू दे मला." आमच्याकडं कंदीलसुद्धा लागला नव्हता. मी जाऊन अंगणात बसलो.

फराळ मात्र आला. दुखवट्याच्या घरात येतो तसाच आला. नंदगडच्या चुलतीनं करंज्या आणि चकल्या पाठवल्या. मालकीणबाईंनी ताट भरून आणलं. वर्कशॉपात माझ्या शेजारी चिकोडीकडचा एक जैन पोरगा काम करतो, त्याच्या आईनं डबा धाडला. आम्हा तिघांना कितीसं लागतंय? एवढा फराळ समोर बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. करंज्या पाहिजेत ना? ह्या काय समोर आहेत.

आक्का नेमकी दोन दिवसांसाठी निपाणीच्या घराची साफसफाई करायला गेली होती. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मी आणि पोरीनं डबा भरला. बायकोच्या चारांतला एक, नाव घातलेला. पोरीनं तळाला कागद अंथरला, "मम्मी असाच घालायची." तिघांकडच्या करंज्या, तिघांकडच्या चकल्या, वर दोन लाडू. मी म्हटलं सगळ्यांतलं थोडं थोडं घाल, डबा भरलेला दिसायला पायजे. झाकण लावलं. वेण्या घातल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती उड्या मारत शाळेला गेली.

संध्याकाळी येऊन म्हणाली, "मिसनी माझ्यासमोर उघडला. म्हणाल्या, चंद अदं." छान आहे म्हणाल्या. वर्कशॉपात मी त्या दिवशी दुप्पट काम केलं होतं. मला वाटलं, बघ, बायको नसताना मी निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आली. मी तिला फुशारकीनं सांगितलं. पोरगी शाळेत होती हे बरं झालं. आक्कानं विचारलं, "कुणाच्या घरच्या घातल्यास?" मी म्हटलं, सगळ्यांच्या. आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं येड्या, तीन घरचा फराळ एका डब्यात? एक करंजी मुरडीची, एक कातलेली, एक साच्यातली. एक चकली काळी, एक पांढरी. बाईमाणसानं झाकण उघडलं की तिला कळतंय, ह्या घरात यंदा कढई चढलेली न्हाय. कानडी असू दे न्हायतर मराठी, त्यांच्यातबी हीच रीत. झाकली मूठ हुती, तूच उघडलीस."

मी म्हटलं, त्या छान आहे म्हणाल्या. आक्का म्हणाली, "मग काय पोरीसमोर रडायचं व्हय त्यांनी?"

मी त्या मिसना कधी भेटलो नव्हतो, तरी मला सगळं दिसायला लागलं. त्यांनी झाकण काढलं असेल, आत बघितलं असेल, मग झाकणावरचं नाव वाचलं असेल. पोरगी समोर उभी, दोन वेण्या घातलेली. माझ्या बायकोचा जीव निपाणीत तापात गेला, पण त्या वर्गात ती रोज सकाळी हजर होती. तिथं तिला मी घालवली. स्वतःच्या हातानं डबा भरून.

पोरगी घरी आली तेव्हा तिच्या हातात तोच डबा होता. आमच्या भागात डबा कुणी रिकामा परत करत नाही, चार दाणे साखर तरी घालतात. हा काठोकाठ भरलेला होता. करंज्याच, सगळ्या एकाच हातच्या, एकसारख्या. पोरगी म्हणाली, "मिसनी दिलं. म्हणाल्या, हे पप्पांना दे. संपलं की सांग, आणखी आणते."

"पप्पांना दे म्हणाल्या?"

"व्हय."

एरवी काही असलं की मिस 'अव्वाला सांग' म्हणायच्या. अव्वाला सांग, वही आणायची हाय. अव्वाला सांग, उद्या लवकर शाळा. हे मला पोरगीच येऊन सांगायची. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि डबा घेऊन आत गेली. पोरीच्या काही ध्यानात आलं नव्हतं. ती करंजी खात हातपाय धुवायला गेली.

शाळेत जाऊन मिसना भेटावं, असं मला दहादा वाटलं. भेटून काय सांगायचं? तुम्हाला कळलंय ते तिला कळू देऊ नका, असं? ते तर त्या पाळतच होत्या. पोरीला जवळ घेऊन सांगावं, असंही वाटलं. त्याला जो धीर लागतो तो माझ्यात तेव्हा नव्हता, आणि अजून आलाय असंही नाही. बाई चांगली होती, मनानं लई चांगली. तिनं पोरीला एका शब्दानं दुखवलं नाही. कुणाही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं.

चार-पाच दिवस गेले. एका सकाळी मी नेहमीसारखा पोरीला पुढ्यात घेऊन बसलो होतो. डावी वेणी झाली होती, उजवीला रिबीन बांधत होतो. ती मान न हलवता म्हणाली, "पप्पा, वेण्या नीट घाला की."

मी म्हटलं, "आता ह्याच्याहून नीट कशा घालू? बघ की आरशात, दोरीला धरल्यागत सरळ हायत."

"न्हाय," ती म्हणाली. "चांगल्या येत न्हाईत आता. दिवाळीपासनं मिस विचारतच न्हाईत, कुणी घातल्या म्हणून."

मी दोन्ही वेण्या सोडल्या आणि पहिल्यापासून घालायला घेतल्या.