पावणं, पेठ कुठली?

"पावणं, पेठ कुठली?"

मैदानाच्या फाटकात मतं घ्यायच्या टेबलामागच्या पोरानं मान वर केली न्हाय.

"उचगाव," मी म्हणालो.

"मग उचगावलाच थांबायचं की. हितं शहरात कशाला गर्दी?"

मागची लाइन हसली. माझ्याशेजारी आमची मंडळी हुबी व्हती, हौसा. हातात भडंगाची पुडी. मुलींची फायनल बघायची, भडंग खायचं आन् मत द्यायचं, एवढंच ठरवून आलतो. आम्ही दोघांनी मिळून केलेली ती शेवटची साधी गोष्ट.

लोकांच्या मतावर जिल्ह्यातल्या समद्यात भारी पोरींचा एक संघ निवडायचा व्हता. आमची नात उचगावच्या संघाची गोलकीपर. हौसा चुलीच्या शेणी, गवऱ्या रचताना खालनं भिरकवायची, ही माळ्यावर बसून झेलायची. तिथनंच हात बसला तिचा.

पोरगं हौसाला म्हणालं, "आज्जी, फुटबॉल म्हंजे नारळ न्हवं."

"नारळ फोडायचा असतोय, बाळा. ह्यो अडवायचा असतोय." हौसानं नातीच्या फोटोवर बोट ठेवलं. "कर खूण."

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीपुढं बसल्या बसल्या ती गेली. तव्यावर भाकरी व्हती. मी ती उलटली. का उलटली, ठाव न्हाय.

दिवसकार्य झालं आन् निकाल लागला. गोलकीपर म्हणून पेठेची पोरगी निवडून आली. गुडघा धरून सारी स्पर्धा बाकावर बसल्याली. मागं कधीतरी लय भारी खेळल्याली, ते नाव अजून चाललंय. माझा तिच्यावर राग न्हाय. तिनं काय मत मागिटलं नव्हतं. पर मत खेळाला पडतंच न्हाय. मत गल्लीला पडतंय, झेंड्याच्या रंगाला पडतंय. पेठेत पोर जन्मलं की त्याच्या नावाच्या शिट्ट्या तयारच असत्यात. आमच्या पोरीनं आधी बॉल अडवायचा, मग गाव कुठं हाय ते सांगायचं.

तरणा असताना मी बी त्याच मैदानात खेळायला गेलतो. "पावणं, जरा बॉल आणून द्या," म्हणायचे. जन्म बॉल आणण्यात गेला. 'पावणं' हा मान हाय असंच मला वाटायचं.

निकालानंतर संघ निवडायच्या समितीचा एक माणूस घरी आला. हौसाच्या फोटोला हात जोडले. चहा घेतला. मग म्हणाला, "पोरगी भारी हाय. पर नाव न्हाय. पेठेतल्या एका घरचा पत्ता लावू. पेठेची पोरगी म्हणून खेळवू. पुढच्या वर्सी मतं आपोआप पडत्यात."

"आन् उचगाव?"

"पावणं, उचगावला कोण मत देतंय?"

माझ्या घरात. माझ्या पाटावर बसून. माझ्या बायकोच्या फोटोपुढं. मला पावणं.

मला राग सुद्धा आला न्हाय. हौसा गेल्यापास्नं आतनं काय हलतच नव्हतं. फकस्त दिसलं. उन्हात वाळू घातलेलं कापड दिसावं तसं लख्ख दिसलं, 'पावणं' हा मान कधीच नव्हता.

नात दारात हुबी व्हती. तिनं इचारलं, "आज्जा, आज्जीनं मत कुणाला दिलतं?"

"तुला."

"मग झालं की."

मी त्या माणसाला म्हणालो, "पावणा तू हाईस. ह्यो उंबरा माझा हाय. चहा संपीव आन् नीघ."

सकाळी उठून फळीवरचा डबा काढला. बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा रंग. बैलं कवाच गेली, रंग ऱ्हायलाय. काडीला कापूस गुंडाळला आन् नातीच्या जर्सीच्या पाठीवर लिवलं, उचगाव. माझं अक्षर वाकडं. 'ग'चा काना खाली वघळला. पुसला न्हाय. गोलकीपरची पाठ जाळीकडं असती आन् जाळीमागं पेठेची पोरं बसत्यात. रोज वाचू देत.

रंग वाळला तशी नातीला ती जर्सी घालून त्याच मैदानावर सरावाला घेऊन गेलो. फाटकात तेच पोरगं व्हतं.

"काय पावणं—"

"पावणं न्हाय," मी म्हणालो. "पाठ वाच."