अँगल कॉक

गोरखपुरातल्या नळाच्या सामानाच्या दुकानदाराला बाईचं बोलणं ऐकूच येत नाही. मी काहीही मागितलं, तरी तो माझ्या नवऱ्याकडे बघून विचारतो, "भैया, क्या चाहिए?" बाहेर आल्यावर नवरा म्हणतो, "काहून चिडून राहिली?"

काल गल्ल्यावर दुकानदाराची बायको होती. सिंकखाली पाणी बंद करायला जो कॉक असतो तो हवा, एवढंच मी सांगितलं. "मतलब अँगल कॉक," म्हणत तिने नेमका तोच काढून दिला. तेवढ्यात तो आला. माझ्या हातातून कॉक घेऊन त्याने खणात टाकला. "इसको कुछ नहीं पता, दीदी. भैया को भेज दीजिए."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिलाच विचारलं, "आप बताइए, यही लगेगा न?"

"यही लगेगा," ती म्हणाली आणि नवऱ्यादेखत तिने खण उघडला.